दही सोडलं, खडे राहिले, मनगट मोडलं

पत्र थोडक्यात असं: सोलापूर जिल्ह्यातल्या एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ५८. गेल्या पंधरा वर्षांत तीनदा मुतखडा झाला. दोनदा तो आपोआप पडला, एकदा दुर्बिणीतून काढावा लागला. पहिल्या खड्यापासून त्यांनी दूध, दही, पनीर, पालक, टोमॅटो, वांगी सोडली. चहासुद्धा कोरा पितात. मागच्या दिवाळीत बाथरूममध्ये पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घेतली. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे २.८ आला, म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत. डॉक्टरांनी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी लिहून दिली. चार दिवस गोळ्या घेतल्या, तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "परत खडे होतील, मग कळेल." गोळ्या कपाटात गेल्या. पत्रात त्यांनी आणखी काही सांगितलंय: बेचाळिसाव्या वर्षी गर्भपिशवी काढली, ॲसिडिटीची गोळी बरीच वर्षं रोज चालू आहे, आईला म्हातारपणी कुबड आलं होतं, थोरल्या भावालाही खडे होतात. आणि आता पुण्यात नोकरी करणाऱ्या ३२ वर्षांच्या मुलालाही खडा निघालाय. त्या विचारतात, "हाडं वाचवू की किडनी? आणि मुलाचं दूध आत्ताच बंद करू का?"

ताई,

"माझ्या अंगात कॅल्शियम जास्त आहे" हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय. एकदा खड्यांचं कारण म्हणून, एकदा गोळ्या थांबवल्याचं कारण म्हणून. पण सोबत जोडलेल्या कागदांत रक्तातल्या कॅल्शियमचा एकही रिपोर्ट नाही. सोनोग्राफी आहे, सीटी स्कॅन आहे, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आहे, साखर तर चार वेळा तपासलीय. जे कधी मोजलंच नाही ते जास्त आहे असं धरून तुम्ही पंधरा वर्षं दह्याला हात लावला नाहीत. तुम्हाला बोल लावत नाहीये. खडा कॅल्शियमचा, दुधात कॅल्शियम, म्हणून दूध बंद, हा हिशेब कुणालाही पटेल असाच आहे. दहापैकी साधारण आठ खड्यांत कॅल्शियम असतं हेही खरं. डॉक्टर मंडळींनाही हा हिशेब कित्येक वर्षं पटलेला होता.

मग कुणीतरी मोजून पाहिलं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या पंचेचाळीस हजारांहून जास्त पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. यातल्या कुणालाही आधी खडा झालेला नव्हता. जे जेवणातून सगळ्यात जास्त कॅल्शियम घेत होते, त्यांना खडे होण्याचं प्रमाण सगळ्यात कमी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघालं. कमी, ताई. पुढे १९९७ मध्ये नव्वद हजारांवर नर्सेसच्या पाहणीत बायकांबाबतही तेच दिसलं. तरी पाहणी ती पाहणीच; दूध पिणारे लोक इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. म्हणून मला जास्त वजनाचा वाटतो तो इटलीतल्या पार्मा शहरातला २००२ चा प्रयोग. पुन्हापुन्हा खडे होणारे आणि लघवीतून जास्त कॅल्शियम जाणारे १२० पुरुष घेतले. निम्म्यांना दूध-दुभतं जवळजवळ बंद, म्हणजे दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम. बाकीच्या निम्म्यांना नेहमीचं १२०० मिलिग्रॅम, पण मीठ आणि मांस-मासळी कमी. पाच वर्षांनी पाहिलं तर दूध बंद केलेल्या साठांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला होता, दूध चालू ठेवलेल्यांपैकी १२ जणांना. श्रेय एकट्या दुधाचं नाही, मीठ कमी केल्याचंही आहे. पण दूध बंद करून फायदा झाला, असं काही या आकड्यांतून निघत नाही.

असं का होतं, ते आपल्या स्वयंपाकघरातच दिसतं. पालकात आणि अळूत ऑक्सलेट भरपूर असतं. कॅल्शियमशी जुळून बहुतेक खडे बनवतो तो हाच पदार्थ. अळू कच्चं राहिलं की घसा खवखवतो तो त्यातल्या ऑक्सलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. आपल्याकडे पालक ताकातला करतात. ताकातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला धरतं, दोघांचं मिळून जे तयार होतं ते अंगात शोषलं जात नाही, शौचावाटे निघून जातं. जेवणातून ताक-दही काढून टाकलंत की ऑक्सलेट मोकळं राहतं, रक्तात जातं, तिथून किडनीत, आणि लघवीत त्याला कॅल्शियम भेटतंच. खडा बनायला दोघं लागतात. लघवीत ऑक्सलेट थोडं वाढलं तरी खड्याच्या दृष्टीने ते फार महागात पडतं. तुम्ही दही सोडलंत, पण सकाळी "हाडांसाठी" दहा-बारा भिजवलेले बदाम खाता असं लिहिलंय. बदामात ऑक्सलेट भरपूर. टोमॅटोत मात्र ते फारसं नसतंच. वांग्या-टोमॅटोच्या बियांचा खडा होतो ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की त्या बिया किडनीपर्यंत जायच्या कुठल्या वाटेने, हे कुणी विचारतच नाही. तेव्हा टोमॅटोची कोशिंबीर आजपासून सुरू करा, दह्यातली.

आता हाडांकडे येऊ. तुमच्या प्रश्नात "की" हा शब्द आहे, हाडं की किडनी. माझ्या मते ही दोन दुखणी वेगळी नसावीत, निदान तुमच्या बाबतीत तरी. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात जे थोडंसं असतं ते ठरावीक पातळीवर ठेवावंच लागतं, कारण त्यावर हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल चालते. बाजारातून धान्य आलं नाही तर घर कणगीतलं काढून खातं, तसं जेवणातून कॅल्शियम आलं नाही की शरीर हाडांतलं काढतं. ज्यांना पुन्हापुन्हा कॅल्शियमचे खडे होतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या लघवीतून रोज गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम जात असतं. बायकांत चोवीस तासांत २५० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते जास्त धरतात. हा कल घराण्यात चालत येतो. जेवणातलं कॅल्शियम कमी केलं तरी अशा लोकांच्या लघवीतून जाणारं पूर्ण थांबत नाही. मग ते येतं कुठून? हाडांतून. म्हणजे पथ्य जितकं कडक, तितकी हाडं जास्त रिकामी होतात. आईचं कुबड आणि भावाचे खडे हे तुम्ही पत्रात दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहिलेत. मी ते एकाखाली एक लिहून पाहिले, आणि खाली तुमचं मनगट.

हे फक्त वय झालेल्या बायकांचं नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतल्या मुतखड्याच्या पाच लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदी २०२१ मध्ये तपासल्या गेल्या. त्यात बहुतेक पुरुषच होते. जवळपास चौथ्या हिश्शाला खड्याच्या निदानाच्या आसपास हाडं ठिसूळ असल्याचं निदान तरी झालेलं होतं, नाहीतर खुबा, मनगट किंवा मणका मोडलेला होता. उरलेल्यांपैकी दहातल्या एकाचीसुद्धा पुढे डेक्सा झाली नाही. खडा पडला, कळा थांबल्या, विषय संपला. आपल्याकडेही हेच चालतं. खड्याचे डॉक्टर खडा बघतात, हाडांचे डॉक्टर हाड बघतात, आणि फाइल पेशंटच्या पिशवीत राहते.

एक आजार असा आहे की जो ही दोन्ही दुखणी एकदमच करतो, आणि तुमच्या बाबतीत तो आहे की नाही हे सगळ्यात आधी पाहायला हवं. गळ्यात थायरॉइडच्या मागे चार चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. त्यातली एखादी वाढून बेलगाम झाली की ती हाडांतून कॅल्शियम ओढत राहते. रक्तात ते वाढतं, लघवीत उतरतं, हाडं पोकळ आणि किडनीत खडे. वैद्यकाच्या इतिहासात यासाठी कॅप्टन चार्ल्स मार्टेल या अमेरिकन खलाशाचं नाव घेतात. त्याची उंची सुमारे सात इंचांनी घटली, हाडं मोडत राहिली, लघवीतून खडे पडत राहिले. १९२६ पासून गळ्यावर शस्त्रक्रिया होत गेल्या आणि गाठ सापडेना. १९३२ मध्ये सातव्या वेळी ती छातीत सापडली. पण किडन्या तोवर खराब झाल्या होत्या. पुढे काही आठवड्यांतच, खड्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला. आज हे निदान एका साध्या रक्ततपासणीवर होतं आणि गाठ काढली की बहुतेक माणसं बरी होतात. पन्नाशीपुढच्या बायकांत हा आजार जास्त आढळतो. तरीही खडे आणि ठिसूळ हाडं दोन्ही असलेल्या बाईचं रक्तातलं कॅल्शियम पंधरा वर्षांत कुणी तपासलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं असं म्हणणार होते. खरं तर वाटत नाही.

म्हणून पहिलं काम हे: एकाच वेळी घेतलेल्या रक्तात कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, क्रिएटिनिन, पॅराथायरॉइड हार्मोन म्हणजे पीटीएच, आणि ड जीवनसत्त्व. कॅल्शियम आणि पीटीएच एकाच दिवशीचे हवेत, नाहीतर अर्थ लागत नाही. ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर वाढलेलं कॅल्शियमही झाकलं जाऊ शकतं, म्हणून तेही सोबत. कॅल्शियम जास्त आलं तर कपाटातल्या गोळ्यांना हात लावू नका, हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा. ते ठीक आलं तर पुढचं वाचा.

दुसरी तपासणी कंटाळवाणी आहे, पण तिच्याइतकं काम दुसरी कुठलीच करत नाही: चोवीस तासांची लघवी. लॅबवाले मोठा कॅन देतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी, रात्रीची धरून, कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी कॅनमध्ये टाकली की झालं. एकदाही चुकली तर हिशेब बिघडतो, म्हणून लग्नकार्याचा किंवा प्रवासाचा दिवस निवडू नका. आणि त्या दिवशी मुद्दाम पथ्य पाळू नका, किंवा एरवी पीत नाही तेवढं पाणी पिऊ नका! रोजचं जेवण जेवा, म्हणजे रोजचं चित्र दिसेल. त्यात एकूण लघवी, कॅल्शियम, ऑक्सलेट, सायट्रेट, युरिक ॲसिड, सोडियम आणि क्रिएटिनिन मोजून घ्या. जंतुसंसर्ग असताना किंवा खडा नुकताच पडलेला असताना ही तपासणी करत नाहीत. पुढे कधी खडा पडला तर चहाच्या जुन्या गाळणीत धरा, कोरडा करून डबीत ठेवा आणि लॅबला द्या. तीन खडे झाले आणि एकही तपासला गेला नाही, त्यामुळे तो कॅल्शियमचाच आहे हेसुद्धा आपण अजून धरूनच चाललोय.

तुमची हाडं ठिसूळ होण्याला खड्यांखेरीज आणखीही कारणं दिसतात. बेचाळिसाव्या वर्षी पिशवी काढली, तेव्हा तिच्याबरोबर अंडाशयंही काढली का? डिस्चार्ज कार्ड शोधा. अंडाशयं गेली असतील तर पाळी नैसर्गिकपणे थांबण्याच्या कितीतरी आधी इस्ट्रोजेन संपलं, आणि हाडांची झीज त्याच वर्षी सुरू झाली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला तेव्हा चर्चा पैशांची आणि कामाच्या खाड्यांची झाली. त्या बायकांच्या हाडांचं पुढे काय होणार यावर फारसं कुणी बोललं नाही. तुमच्यासारख्या नोकरदार बायकांतही ही शस्त्रक्रिया लवकर झालेल्या कितीतरी आहेत. ज्यांनी ती करून घेतली त्यांनी हाडांची तपासणी साठी येईपर्यंत लांबवू नये. आणि ॲसिडिटीची रोजची गोळी: या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं जास्त आढळतं, शिवाय पोटातलं आम्ल कमी झालं की कॅल्शियम कार्बोनेटची गोळी नीट विरघळत नाही. ती अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने एकदम बंद करू नका, जळजळ दुप्पट उसळते.

आता कपाटातल्या गोळ्या. जाऊबाईंचं म्हणणं साफ खोटं नाही, हे आधी सांगते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगात छत्तीस हजार बायकांपैकी निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं, निम्म्यांना खोट्या गोळ्या. सात वर्षांत खऱ्या गोळ्यावाल्या सुमारे अठरा हजारांपैकी ४४९ जणींना खडा झाला, खोट्या गोळ्यावाल्यांपैकी ३८१ जणींना. म्हणजे गोळीतलं कॅल्शियम धोका थोडा वाढवतं, जेवणातलं वाढवत नाही. फरक बहुधा वेळेचा आहे. पुष्कळ बायका ही गोळी रात्री झोपताना किंवा रिकाम्या पोटी घेतात. तेव्हा पोटात धरायला ऑक्सलेट नसतं. कॅल्शियम एकदम रक्तात चढतं आणि लघवीत उतरतं. तीच गोळी भाजी-भाकरीच्या घासाबरोबर घेतली तर ताकासारखं काम करते.

तेव्हा आधी ताट. पन्नाशीनंतर बाईला दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण १२० असतं. सकाळी दुधाचा चहा आणि एक कप दूध, दुपारी जेवताना वाटीभर घट्ट दही, रात्री जेवताना पुन्हा दही किंवा ताक (पातळ ताकात कॅल्शियम निम्म्याहून कमी भरतं, तेव्हा ते पाण्यात धरा), मधूनच पनीरचे दोन तुकडे. एवढ्यात ५०० ते ६०० पुढे जाल, डाळी-भाज्या-भाकरीतून आणखी थोडं. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास, पण सगळं अंगी लागत नाही. भाकरी खुशाल खा, दुधाऐवजी मात्र तिला धरू नका. तिळाचंही तसंच. किनाऱ्याकडचे जे वाचक काट्यासकट मांदेली खातात त्यांना हे काम सोपं आहे. जेवणातून जे कमी पडेल तेवढंच गोळीतून, म्हणजे बहुतेकांना दिवसाला एक. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात बघा: "कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम" लिहिलं असेल तर प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं. ती दुपारच्या जेवणात, पहिल्या-दुसऱ्या घासाला. ॲसिडिटीची गोळी चालूच राहणार असेल तर कार्बोनेटऐवजी कॅल्शियम सायट्रेट देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. त्याला आम्ल लागत नाही आणि सायट्रेट खड्याच्या विरोधातच काम करतं.

ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे. हे मुद्दाम लिहिते, कारण दुकानातून परत परत तीच आणून वर्षभर दर आठवड्याला घेणारे लोक आहेत, आणि त्यातून रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीवर जातं. चुन्याच्या डबीतला गव्हाएवढा चुना रोज ताकातून घ्या, असं मोबाईलवर फिरतंय. ज्याला खडे होतात त्याने तर नाहीच घ्यायचा, बाकीच्यांनाही त्याची गरज नाही.

मिठावर थोडं जास्त बोलते, कारण तुमच्या पथ्याच्या यादीत ते कुठेच नाही. किडनीतून सोडियम बाहेर टाकलं जातं तेव्हा ते कॅल्शियमला बरोबर घेऊन जातं. दिवसाला सहा ग्रॅम, म्हणजे चमचाभर मीठ जास्त गेलं की लघवीतून साधारण ४० मिलिग्रॅम कॅल्शियम जादा जातं. रोज तेवढं, वर्षभर, आणि पाळी गेलेल्या बाईच्या हाडांतून. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आपल्या ताटात भाजीचं मीठ वेगळं, भाकरीच्या पिठातलं वेगळं, शेंगाचटणी, लोणचं, पापड, वरून ताकात मीठ, उन्हाळ्यात लिंबूसरबतातही मीठ. दही चालू करून त्यात चिमूटभर मीठ-साखर घालायची सवय असेल तर निदान मीठ सोडा. लोणचं-पापड रोजच्या ताटातून सणाच्या ताटात गेले तरी खूप झालं. हा एकच बदल खडा आणि हाड दोघांच्याही बाजूचा आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

पाण्याबद्दल तुम्ही लिहिलंय, "भरपूर पिते." शाळेतल्या नोकरीत किती पीत होतात? बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही म्हणून सकाळी साडेदहा ते पाच घोटभर पाण्यावर काढणाऱ्या शिक्षिका, कंडक्टर, बाजारात भाजी विकणाऱ्या बायका सगळीकडे आहेत, आणि सवय निवृत्तीनंतरही जात नाही. म्हणून प्यायलेलं मोजू नका, लघवी मोजा. दिवसाला अडीच लिटरच्या आसपास हवी. १९९६ च्या एका इटालियन प्रयोगात नुसतं पाणी वाढवून पाच वर्षांत पुन्हा खडा होण्याचं प्रमाण २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. सोलापूरच्या मे महिन्यात घामाने जाणारं वेगळंच. रात्री एकदा लघवीला उठावं लागलं तर पाणी पुरतंय असं समजा, पण उठताना दिवा लावा. पुढचा पाय घसरणं बाथरूममध्येच होतं. तिथे खरखरीत फरशी किंवा रबरी मॅट, हाताला धरायला भिंतीत दांडी, हे या महिन्यात करून घ्या. बिनमिठाचं, बिनसाखरेचं लिंबूपाणी चांगलं. कुळथाचं कढण आणि पिठलं आवडत असेल तर खा, अन्न म्हणून उत्तम आहे. पानफुटीच्या पानाने खडा पडला असं सांगणारे भेटतील. पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे काहीही न करता पडतात, आणि त्या आठवड्यात जे खाल्लं असेल त्याला श्रेय मिळतं.

आठवड्याची हाडांची गोळी थांबवायचं कारण मला दिसत नाही, किडनीचं काम पुरेसं असेल तर; ते क्रिएटिनिनवरून डॉक्टर ठरवतील. या औषधाने हाडातून निघणारं कॅल्शियम कमी होतं, त्यामुळे खडा वाढवण्याचा आरोप त्याच्यावर येत नाही. मात्र ती सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं न होता घ्यायची. कॅल्शियमच्या गोळीबरोबर कधीच नाही. ॲसिडिटीमुळे सोसत नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन मिळतं. लघवीत कॅल्शियम खरंच जास्त निघालं तर ते कमी करणाऱ्या थायाझाइड जातीच्या गोळ्या आहेत, त्या ब्लडप्रेशरसाठीही वापरतात. त्या लघवीतलं कॅल्शियम कमी करतात हे नक्की. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यातल्या एका गोळीने पुन्हा होणारे खडे म्हणावे तसे कमी झाले नाहीत. त्यामुळे मी त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवणार नाही, आणि पोटॅशियम-सोडियमवर लक्ष ठेवल्याशिवाय तर नाहीच.

दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात, असं तुम्हाला वाटतंय. पण पत्र नीट वाचलं तर दूध बंद करा असं यूरोलॉजिस्टनी, म्हणजे खड्याच्या डॉक्टरांनी, तोंडी सांगितल्याचं कुठेच नाही. दवाखान्यात मिळालेल्या छापील कागदावर ते होतं, आणि तो कागद पंधरा वर्षांपूर्वीचा. डेक्साचा रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे एकदा जा आणि सरळ विचारा: माझी हाडं अशी आहेत, जेवणातलं कॅल्शियम पूर्ण घेतलं तर तुमची हरकत आहे का? बहुतेक ते नाही म्हणतील, आणि तेवढं फाइलवर लिहून घ्या, म्हणजे घरात दाखवता येईल. हाडांच्या डॉक्टरांनाही खड्यांचा इतिहास सांगितलात का? पत्रावरून वाटतं, राहून गेलं. मधल्या काळात कळांबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर कुणाच्याही सल्ल्याची वाट न पाहता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मुलाचं दूध बंद करू नका. तिशीत खडा आणि घरात मामा, आई, आजी असा इतिहास असेल तर त्याचंही रक्तातलं कॅल्शियम आणि चोवीस तासांची लघवी व्हायला हवी, आणि पडलेला खडा त्याने ठेवला असेल तर तो लॅबला द्यायला हवा. तो जिमला जातो असं तुम्ही लिहिलंय. प्रोटीन पावडर किती घेतो, सोबत क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेतो का (त्यातून ऑक्सलेट वाढतं), आणि दिवसभर एसीत बसून पाणी किती पितो, हे फोनवर विचारून घ्या. त्याची डेक्सा आत्ताच लागेल असं नाही; लघवीत कॅल्शियम जास्त आलं तर त्याचे डॉक्टर ठरवतील.